सार्जंट विल्यम कार्नी : निशाण, पदक आणि मधली सदतीस वर्षं

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीला शाळेत अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या विल्यम कार्नींवर भाषण करायचंय आणि तीन ठिकाणी अडलंय. पराक्रम १८६३ चा, मग मेडल ऑफ ऑनर १९०० साली का? काही जण त्यांना हे पदक मिळालेले पहिले कृष्णवर्णीय सैनिक म्हणतात, काही म्हणत नाहीत, खरं काय? आणि तिसरा प्रश्न मुलीचा स्वतःचा : त्यांनी कुणाला मारलं नाही, तोफ जिंकली नाही, उलट त्या लढाईत हार झाली, नुसता झेंडा परत आणला म्हणून देशाचं सर्वोच्च पदक कसं?

मुलीचा प्रश्न तिन्हींत चांगला आहे, म्हणून आधी तोच घेतो.

मी कोण, तेही सांगायला हवं. फौजेत २४ वर्षं पलटणीच्या कचेरीत कारकुनी केली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि पुढची बारा-तेरा वर्षं सातारा भागातल्या माजी सैनिकांची, वीरपत्नींची पेन्शनची कागदपत्रं लावून देतोय. शौर्यपदकाच्या शिफारशी मी माझ्या हाताने टाइप केल्या आहेत. साइटेशन म्हणजे पदकाबरोबरचा तो चार-सहा ओळींचा मजकूर कसा तयार होतो, त्यात काय येतं आणि काय गळतं, हे मला आतून माहीत आहे. कार्नींचं नाव मी निवृत्तीनंतर, वेगवेगळ्या देशांची साइटेशनं वाचायचा नाद लागला तेव्हा वाचलं. पुढे मुलगा बॉस्टनजवळ नोकरीला लागला, तेव्हा न्यू बेडफर्डला जाऊन त्यांच्या थडग्यासमोर उभाही राहिलो.

कार्नींचं साइटेशन मराठीत सांगायचं तर एवढंच आहे : निशाणधारी सार्जंट गोळी लागून पडला तेव्हा या सैनिकाने निशाण हाती घेतलं, तटाच्या माथ्यापर्यंत पुढे होऊन ते तिथे रोवलं. सैन्य मागे हटलं तेव्हा तुफान गोळीबारातून निशाण परत आणलं, त्यात तो दोनदा गंभीर जखमी झाला. संपलं. या दोन वाक्यांत त्या रात्रीतलं बरंच काही गळलेलं आहे.

आधी निशाणाचं काम काय, ते बघा. १८६३ सालची बंदूक म्हणजे काळी दारू. एका पलटणीने दोन-तीन फैरी झाडल्या की समोरचं दहा पावलांवरचं दिसत नाही एवढा धूर. तोफांच्या आवाजात कर्नलचा हुकूम दुसऱ्या टोकाला पोचत नाही. बिगुल असतो, ढोल असतात, पण हल्ल्याच्या गदारोळात माणूस कानावर विसंबत नाही, डोळ्यांवर विसंबतो. धुराच्या वर काठीला जे फडकताना दिसतं, तिथे आपली पलटण आहे. निशाण पुढे गेलं की पुढे जायचं, थांबलं की तिथे रांग धरायची, मागे आलं की मागे यायचं. निशाण पडलं म्हणजे शेकडो माणसांचा एकमेकांशी असलेला धागा तुटला. शत्रूलाही हे ठाऊक, म्हणून सगळ्यात जास्त नेम त्या काठीखालच्या माणसावर धरले जात. त्याच्या दोन्ही हातांत काठी, म्हणजे बंदूक चालवायचीही सोय नाही. निशाण टोळीतली माणसं एकामागून एक पडायची आणि दुसरा उचलायचा, हे त्या युद्धात पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. आपल्याकडेही रंगरूट निशाणासमोर शपथ घेतो. आजच्या लढाईत ते रणांगणावर नेत नाहीत, पण तो मान तिथूनच आलेला आहे. मुलीला सांगा, निशाण घेऊन पुढे जाणं म्हणजे हातात शस्त्र नसताना सगळ्यांचे नेम आपल्यावर ओढून घेणं.

आता ती रात्र. १८ जुलै १८६३, दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्सटन बंदर. बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेट, त्यावर फोर्ट वॅग्नर, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बंडखोर दक्षिणेच्या ताब्यातला. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर दगडी बुरूज येतात. हा होता वाळूचा आणि ताडासारख्या झाडांच्या ओंडक्यांचा. पण वाळूचा किल्ला दगडी किल्ल्यापेक्षा चिवट असतो, कारण गोळा वाळूत शिरतो आणि जिरतो. त्या दिवशी उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या सरकारच्या, तोफांनी आणि युद्धनौकांनी दिवसभर भडिमार केला. आतली सतराशेच्या आसपास माणसं वाळूखालच्या खोल्यांत सुरक्षित बसून राहिली आणि भडिमार थांबताच वर आली. समोरून यायला वाट एकच, समुद्र आणि दलदल यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. एका जागी ती एवढी अरुंद की कडेची माणसं पाण्यातून चालत होती.

पुढच्या रांगेत होती ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण, सुमारे ६०० माणसं. शिपाई सगळे कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी गोरे. कर्नल रॉबर्ट गुल्ड शॉ २५ वर्षांचा. या माणसांनी दोनच दिवसांपूर्वी, १६ जुलैला, शेजारच्या जेम्स बेटावर पहिली चकमक लढली होती. त्यानंतर रात्रभर पावसात दलदलीतून चालत, मग होड्यांमधून, धड झोप नाही, धड जेवण नाही, असे ते १८ तारखेच्या संध्याकाळी मॉरिस बेटावर पोचले आणि दिवेलागणीला हल्ल्यासाठी उभे राहिले. ब्रिगेडियर जनरल स्ट्राँगने निशाणधाऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, हा पडला तर निशाण कोण उचलेल? शॉने उत्तर दिलं, मी उचलेन. निशाणधारी होता सार्जंट जॉन वॉल.

शॉ तटाच्या माथ्यावर चढला आणि तिथेच मारला गेला. त्याआधी वॉल पडला होता आणि राष्ट्रीय निशाण सी कंपनीच्या सार्जंट कार्नींच्या हाती आलं होतं. त्यांनी ते तटावर नेलं आणि उतारावर रोवून धरून बसले. आजूबाजूला मेलेली, घायाळ माणसं. काही वेळाने माणसांचा एक जथा येताना दिसला. त्यांना वाटलं आपलेच. ते शत्रूचे निघाले. तेव्हा त्यांनी निशाण काठीभोवती गुंडाळलं आणि खाली उतरले. जाताना कोरडा असलेला खंदक आता कमरेपर्यंत पाण्याने भरला होता. त्यातून ते गोळ्या खात मागे आले : पाय, छाती, उजवा दंड, आणि डोक्याला चाटून गेलेली एक. साइटेशन ‘दोनदा’ म्हणतं. त्यांच्या जखमांच्या हकिकती त्याहून जास्त सांगतात. वाटेत १००व्या न्यूयॉर्क पलटणीचा एक शिपाई भेटला. तो म्हणाला, द्या, मी घेतो. कार्नी म्हणाले, ५४व्या पलटणीच्या माणसाशिवाय हे निशाण कुणी धरणार नाही. इस्पितळाच्या तंबूपाशी पोचल्यावर आपल्या सोबत्यांना त्यांनी सांगितलं की मी फक्त माझं कर्तव्य केलं, आपलं निशाण एकदाही जमिनीला टेकलं नाही.

पलटणीचं दुसरं निशाण, राज्याचं, तेही त्या रात्री वर गेलं होतं. त्याचं रेशमी कापड काठीपासून फाटून शत्रूच्या हाती पडलं. नुसती काठी हेन्री पील नावाच्या कॉर्पोरलने परत आणली. भाषणात पीलचं नाव एकदा घ्या, ही माझी विनंती. तो पुढच्याच वर्षी फ्लोरिडातल्या ओलस्टीच्या लढाईत जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. त्याच्यासाठी पदकाचा पाठपुरावा करायला तो उरलाच नाही.

५४व्या पलटणीचे ६०० पैकी २७२ मेलेले, जखमी किंवा बेपत्ता. एकूण हल्ल्यात उत्तरेचे दीड हजारांवर माणसांचं नुकसान, किल्ल्यातल्यांचं दोनशेच्या आत. किल्ला पडला नाही. शॉला शत्रूने त्याच्या कृष्णवर्णीय शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं, ते अपमान म्हणून. पुढे प्रेत बाहेर काढण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्याच्या वडिलांनी नको म्हटलं. आपल्या शिपायांमध्ये तो आहे तिथेच राहू दे.

तुमच्या मुलीला वाटतं तसं हरलेल्या लढाईचं पदक कमी प्रतीचं का? माझा अनुभव उलटा आहे. जिंकलेल्या लढाईत साक्षीदार भरपूर असतात, कागद भराभर तयार होतो. हार झाली की कागद कोण करणार? शिफारस लिहायचा अधिकार ज्याचा तो अधिकारी मेलेला असतो. इथे तर कर्नल गेला, वरचे इतके अधिकारी पडले की त्या रात्री उरलेली पलटण लुइस एमिलियो नावाच्या अगदी तरुण कॅप्टनने सावरली. तरीसुद्धा कार्नींचं नाव मागे राहिलं नाही, कारण निशाण घेऊन येताना त्यांना शेकडो डोळ्यांनी पाहिलं होतं. चार्ल्सटनच्या मोहिमेचा सेनापती जनरल गिलमोरने शिपायांसाठी स्वतःचं एक ब्राँझचं पदक काढलं होतं. ते ५४व्या पलटणीत कार्नींना आणि आणखी तिघांना मिळालं, युद्ध चालू असतानाच. म्हणजे सदतीस वर्षं त्यांना कुणी ओळखलंच नाही, असं भाषणात म्हणू नका. पलटणीने ओळखलं होतं, वर्तमानपत्रांत नाव आलं होतं. उशीर झाला तो सरकारी मेडल ऑफ ऑनरला.

तो का? आता तुमचा पहिला प्रश्न.

मेडल ऑफ ऑनर हे पदक तेव्हा नवंकोरं होतं. आरमारासाठी १८६१ च्या डिसेंबरात आणि भूसेनेसाठी १८६२ च्या जुलैत त्याचा कायदा झाला. पहिली पदकं १८६३ च्या मार्चमध्ये दिली गेली, म्हणजे फोर्ट वॅग्नरच्या चारच महिने आधी. नियम ढिले, पद्धत बसलेली नाही. त्या युद्धासाठी एकूण दीड हजाराहून अधिक मेडल ऑफ ऑनर दिली गेली आणि त्यांतली कितीतरी युद्ध संपल्यावर पंचवीस-तीस वर्षांनी, १८९० च्या दशकात. जुने सैनिक म्हातारे होत होते, संघटना बांधत होते, आठवणी लिहीत होते, अर्ज करत होते, जुन्या साहेबांकडून साक्षी गोळा करत होते. १८९७ नंतर पुराव्याचे नियम कडक झाले. कार्नींचं पदक २३ मे १९०० चं, म्हणजे ते या लाटेच्या शेवटाकडचं आहे. उशीर फक्त त्यांनाच झाला असं नाही. अनेक गोऱ्या सैनिकांनाही १८९० च्या दशकातच मिळालं.

पण म्हणून रंगाचा काही संबंधच नव्हता असं मी म्हणणार नाही, आणि मुलीनेही म्हणू नये. त्याच महिन्यातलं एक उदाहरण देतो. १८६३ च्या जून-जुलैत मेन राज्याच्या २७व्या पलटणीची मुदत संपत आली होती. वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी आणखी थोडे दिवस थांबा अशी विनंती झाली, तीनशेच्या आसपास माणसं थांबली. पुढे पदकं मात्र अख्ख्या पलटणीच्या नावाने निघाली, ८६४. त्या माणसांचा दोष नाही, कचेरीतला गोंधळ तो. १९१७ साली तपासणी होऊन जी ९११ नावं यादीतून वगळली गेली त्यात ही ८६४ होती. आता दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. एकीकडे राजधानीजवळची पलटण, जिची यादी मंत्र्याच्या टेबलावर सहज पोचली; दुसरीकडे वाळूच्या खड्ड्यात कर्नलसकट गाडली गेलेली माणसं. पदक मिळण्यात शौर्याचा वाटा असतो आणि कागद कुठल्या टेबलापर्यंत पोचू शकतो याचाही असतो. हे मी कुणावर चिडून सांगत नाही. माझ्याही कचेरीतून गेलेल्या दोन शिफारशी पुढे कुठेतरी अडकल्या आणि मुदत टळून परत आल्या. त्यातला एक जवान आज शेती करतो, आणि मला रस्त्यात भेटला की मीच खाली बघतो.

दुसरा प्रश्न सोपा आहे. पराक्रमाच्या तारखेने पाहिलं तर कार्नी पहिले : मेडल ऑफ ऑनर मिळालेल्या कृष्णवर्णीयांच्या कृत्यांमध्ये १८ जुलै १८६३ ही सगळ्यात आधीची तारीख आहे. पदक हातात पडण्याच्या तारखेने ते पहिले नाहीत. आरमारातला रॉबर्ट ब्लेक, जो गुलामीतून सुटून आला होता, त्याला १८६४ सालीच पदक मिळालं. १८६४ च्या सप्टेंबरात व्हर्जिनियातल्या न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईत लढलेल्या अनेक कृष्णवर्णीय सैनिकांनाही १८६५ मध्ये मिळालं. भाषणात असं म्हणा : ‘ज्या पराक्रमांसाठी कृष्णवर्णीय सैनिकांना हे पदक मिळालं, त्यांतला सर्वांत आधीचा पराक्रम कार्नींचा.’ वाक्य थोडं लांब होतं, पण बरोबर आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण ज्याशिवाय हा माणूस कळत नाही, त्याकडे येतो.

कार्नींचा जन्म २९ फेब्रुवारी १८४० चा, व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा, गुलामीच्या मुलखातला. चौदाव्या वर्षी ते एका धर्मोपदेशकाने लपूनछपून चालवलेल्या शाळेत शिकले. त्या राज्यात कृष्णवर्णीयांची शाळा भरवणं हा कायद्याने गुन्हा होता, हे मुलीच्या वर्गाला आवर्जून सांगा. काही काळ वडिलांबरोबर किनाऱ्यावरच्या जहाजांवर काम केलं. वडील सुरक्षित जागेच्या शोधात उत्तरेला गेले. १८६३ च्या नोव्हेंबरात एका गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रात कार्नींचं स्वतःचं पत्र छापून आलं, त्यात हा प्रवास आहे. पेनसिल्व्हेनियात वडील थांबले नाहीत, कारण स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे लिहिला गेला त्या भूमीवरही काळा माणूस सुरक्षित नव्हता. न्यूयॉर्कला व्यापारापुढे आणि सोन्यापुढे गुलामाचं ऐकायला सवड नव्हती. शेवटी ते मॅसॅच्युसेट्सच्या खडकाळ जमिनीवर टेकले. त्यांनी न्यू बेडफर्ड निवडलं, देवमाशांच्या शिकारीचं बंदर. गुलामगिरीविरुद्ध बोलणारा पुढचा नामांकित वक्ता फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळाला तेव्हा आधी इथेच राहिला होता. पत्रात कार्नी पुढे म्हणतात की आपला ओढा धर्मोपदेशक होण्याकडे होता, पण देशाने हाक दिली तेव्हा देश आणि पिचलेले भाऊ यांची सेवा करणं हीच देवाची सेवा वाटली. तेवीस वर्षांच्या, छातीत गोळी लागलेल्या माणसाने हे लिहिलंय, आणि त्या पत्रात स्वतःच्या पराक्रमाचा डांगोरा नाही.

ते फेब्रुवारी १८६३ मध्ये भरती झाले. भरती होणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की पकडलो गेलो तर आपल्याला युद्धकैदी मानायला दक्षिण तयार नाही. पुन्हा गुलामीत विकणं किंवा फाशी, अशा धमक्या तिथल्या सरकारने उघडपणे दिल्या होत्या. आणि वॅग्नरच्या त्याच आठवड्यात, १३ ते १६ जुलै, न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल उसळून कृष्णवर्णीयांना रस्त्यात मारलं जात होतं. म्हणजे पुढे शत्रू असा, आणि मागे आपल्याच बाजूचं शहर तसं.

आता पगाराचं. मी कारकून, मला हे सगळ्यात जास्त भिडलं. भरतीच्या वेळी सांगितलं होतं महिना १३ डॉलर, गोऱ्या शिपायाएवढे. हातात द्यायला आणले १० डॉलर, त्यातून कपड्याचे ३ कापून ७. पलटणीने पगार घ्यायला नकार दिला. एक-दोन महिने नाही, जवळपास दीड वर्ष. मॅसॅच्युसेट्स राज्याने वरचा फरक आम्ही भरतो म्हटलं, तेही नाकारलं. प्रश्न रकमेचा नव्हताच. घरी बायकापोरं उपाशी असल्याची पत्रं येत होती आणि ही माणसं बिनपगारी लढत होती. कार्नींच्याच सी कंपनीतला, न्यू बेडफर्डचाच कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने २८ सप्टेंबर १८६३ ला थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनना पत्र लिहिलं आणि विचारलं : आम्ही सैनिक आहोत की मजूर? गुडिंग ओलस्टीत पकडला गेला आणि जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत १८६४ च्या जुलैत मेला. जूनमध्ये संसदेने समान पगार मान्य केला होता, पण अट घातली होती की युद्ध सुरू होताना, १९ एप्रिल १८६१ ला, जो स्वतंत्र होता त्यालाच मागची पूर्ण थकबाकी. पलटणीतले काही जण तेव्हा गुलाम होते. तेव्हाचा कर्नल हॅलोवेल याने शपथेचा मजकूरच असा केला की त्या तारखेला माझ्यावर कुणाच्याही बिनमोल मजुरीचं देणं नव्हतं. देवापुढे कुठलाच माणूस दुसऱ्याचा गुलाम नाही, म्हणून कुणालाही ती शपथ खोटं न बोलता घेता आली. कचेरीच्या कामात इतका सुंदर मजकूर मी दुसरा पाहिलेला नाही. पगार सप्टेंबर १८६४ च्या अखेरीस वाटला गेला. कार्नी तेव्हा पलटणीत नव्हते. जखमांमुळे ३० जून १८६४ ला त्यांना सेवेतून मोकळं केलं होतं.

ज्या माणसाला सरकार अजून पूर्ण सैनिक मानत नव्हतं, त्याने त्याच सरकारचं निशाण धरून ठेवलं. १००व्या न्यूयॉर्कच्या शिपायाला दिलेलं उत्तर आता पुन्हा वाचा. मला त्यात उद्धटपणा दिसत नाही, हट्टही दिसत नाही. हिशेबाचा प्रश्न होता. निशाण दुसऱ्या पलटणीच्या हातात इस्पितळापर्यंत आलं असतं तर उद्या कुणीही म्हणालं असतं की काळ्यांच्या हातून पडलं आणि गोऱ्यांनी उचलून आणलं. कृष्णवर्णीय माणूस रणांगणावर टिकतो की नाही, हेच त्या दिवशी देश बघत होता. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या भूसेनेत सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले. वॅग्नरची बातमी त्या भरतीच्या पाठीमागे उभी होती.

आता युद्धानंतरची त्रेचाळीस वर्षं. आपल्याकडे ‘वीर’ म्हटला की आयुष्य त्या एका दिवशी संपतं. मी ज्यांचे कागद लावतो त्या घरांत असं होत नाही. जखम थंडीत दुखते, नोकरी शोधावी लागते, पोरीचं शिक्षण असतं. १८६५ मध्ये कार्नींचं सुझॅना विल्यम्स यांच्याशी लग्न झालं. त्यांची मुलगी क्लारा पुढे संगीताची शिक्षिका झाली. न्यू बेडफर्डच्या रस्त्यांवरच्या दिव्यांचं काम पाहिलं, थोडे दिवस कॅलिफोर्नियात नशीब आजमावलं, आणि १८६९ पासून ३२ वर्षं त्याच गावात पोस्टमनकी केली. पायात गोळी घेतलेला माणूस ३२ वर्षं दारोदार चालत होता. टपालवाल्यांची संघटना गावात उभी राहिली तेव्हा तिच्या स्थापनेतही ते होते. पगाराचा धडा पलटणीत शिकलेला माणूस संघटनेत जाणारच, असं मला वाटतं.

एक दुवा आपल्याकडचा. १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. जोतिराव पुण्यात ती अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा कार्नी न्यू बेडफर्डच्या गल्ल्यांत पत्रं वाटत होते, पोस्टमनकीचं चौथं-पाचवं वर्ष. दोघांना एकमेकांचं नावही माहीत असण्याचं कारण नाही. पण ती अर्पणपत्रिका वाचताना माझ्यापुढे आता फक्त लिंकन येत नाही, काठीभोवती निशाण गुंडाळून खंदकाच्या पाण्यातून येणारा हा सार्जंटही येतो. मुलीला आवडलं तर हे भाषणात घ्यावं. वर्गाला ते परकं वाटणार नाही.

३१ मे १८९७ ला बॉस्टनमध्ये शॉ आणि ५४व्या पलटणीचं स्मारक उघडलं गेलं. ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने त्यावर तेराएक वर्षं घालवली. समारंभात कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन बोलताना कार्नींकडे वळले, आणि व्यासपीठावर बसलेल्या कार्नींनी उठून निशाण उंच धरलं तेव्हा सभागृह कितीतरी वेळ शांत होईना. पदक अजून तीन वर्षं दूर होतं. त्या स्मारकावर मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती. वॅग्नरला मेलेल्या शिपायांची नावं कोरायला १९८० चं दशक उजाडलं. मी तिथे उभा राहून ती नावं बोटाने वाचली.

टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर कार्नी बॉस्टनच्या राज्य विधानभवनात संदेशवाहक म्हणून कामाला लागले. साठी उलटलेली, देशाचं सर्वोच्च पदक नावावर, आणि काम एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कागद पोचवायचं. मी याला अपमान म्हणणार नाही. त्यांनी ते काम मानाने केलं. तिथेच लिफ्टच्या अपघातात त्यांचा पाय चिरडला आणि १९०८ च्या डिसेंबरात बॉस्टनच्या इस्पितळात ते गेले, ६८ व्या वर्षी. मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनावरचा ध्वज त्यांच्यासाठी अर्ध्यावर उतरवला गेला. तो मान तोवर राज्यपालासारख्या मोठ्या पदावरच्या माणसांचा होता, संदेशवाहकाचा नव्हे.

भाषण कुठून सुरू करायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पदकापासून करू नका. पोस्टमनपासून करा : गावात एक पोस्टमन होता, किंचित लंगडत चालणारा असावा, आणि लोक त्याच्याकडून पत्र घेताना आदराने बोलत, असं मुलीला कल्पून सांगू दे, फक्त ती कल्पना आहे हे तिने म्हणावं. मग वॅग्नर, मग सात डॉलर, मग १९००. पाच मिनिटं असतील तर पगाराला एक मिनिट नक्की ठेवा. तारीख एवढीच तपासून घ्या : लढाई १८ जुलै १८६३, पदक २३ मे १९००. आणि नाव उच्चारायचं ते ‘सार्जंट कार्नी’ असं, हुद्द्यासकट.